'आमूर'च्या आधीची रिव्हा

'आमूर' या चित्रपटामुळेच (२०१२) फ्रेंच अभिनेत्री एमान्युएल रिव्हा जगाला कळली, असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. ऑस्करचं नामांकन तिला ८५व्या वर्षी मिळालं आणि सोहळा नेमका तिच्या ८६व्या वाढदिवशी होता, हे खरंच. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, दिग्दर्शक आलँ रेनेच्या 'हिरोशिमा मोनामूर' या चित्रपटात ती होतीच की! फ्रान्सच्या व्होज भागातल्या लहानशा गावात शिवणकाम करणारी ही मुलगी पंचविशी उलटल्यावर नाटकासाठी पॅरिसला आली. १९६२ मध्ये 'तेरेझ देकेरू' या चित्रपटासाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मानही मिळाला.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटतात ती तिने काढलेली छायाचित्रं. १९५८ मध्ये 'हिरोशिमा मोनामूर'च्या चित्रीकरणासाठी हिरोशिमाला गेलेली असताना ती कॅमेरा घेऊन गल्ल्यांतून हिंडली. रस्त्यात खेळणारी पोरं, नदीकाठ, पुन्हा उभं राहू पाहणारं शहर तिने टिपलं. ते फोटो पुस्तकरूपाने आले थेट २००८ मध्ये, पन्नास वर्षांनी! 'हिरोशिमा' पाहिलेल्या प्रत्येकाने ते शोधून बघाच. पडद्यावरची तिची ती नजर कुठून आली, ते त्यांत दिसतं.