बुश झिजतो, फाटतो की मरतो?

घरी वडिलांच्या काळची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'खट्' आवाज यायचा, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची आणि टायर आतल्या कडेने खायची. पुढच्या सस्पेन्शनचे (चाके गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या भागाचे) बुश, म्हणजे सांध्यांच्या भोकांत बसवलेल्या नळ्या, बदलून घेतले. गाडीच्या वहीत मी 'बुश झिजले' असे लिहिले, तर मिस्त्री म्हणाले, "झिजायला ते घासतात कुठं? रबर मेलंय त्याचं." तेव्हापासून डोक्यात दोन प्रश्न आहेत. बुशला आपला शब्द आहे का? आणि त्याच्यासोबत क्रियापद कोणते वापरावे?

प्रतिसाद १ :
इंग्रजीत झुडपाला बुश म्हणतात, त्याच्याशी या बुशचा संबंध नाही. यंत्रातला बुश जुन्या डच 'बुस'वरून आला, म्हणजे डबी. त्याच्याही मागे ग्रीक 'पिक्सिस', लाकडाची डबी. वस्तू आपल्याकडे जुनीच आहे. बैलगाडीचे चाक आखावर फिरते, तिथे तुंब्याचे, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याचे, लाकूड खाल्ले जाऊ नये म्हणून आत लोखंडी नळी बसवतात. वंगण घालायचे तेही तिथेच. अशा बुशला 'झिजला' हेच बरोबर.

प्रतिसाद २ :
तुमच्या मिस्त्रींचे कान आणि डोळे दोन्ही शाबूत आहेत. आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो, घोटाळा तिथे होतो. धातूच्या बुशमध्ये दांडा घासत फिरतो. पद्मिनीच्या आर्ममध्ये (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यात) असतो तो रबरी बुश : बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी, मधे दाबून किंवा चिकटवून बसवलेले रबर. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली बोल्टने आवळलेली. चाक वर-खाली झाले की दोन्हींमधले रबर थोडे पिळते आणि सुटते. कुठेच काही सरकत नाही, म्हणून झिजत नाही. रबर वर्षानुवर्षांच्या पिळण्याने आणि उष्णतेने कडक होते, तेल लागून फुगते, तडकते, शेवटी नळीपासून सुटते. 'मेले' हा शब्द मला यासाठी अगदी नेमका वाटतो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'झिजतो' म्हटले की माणूस ग्रीस भरायला जातो, आणि खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून खराब होते. दुसरे म्हणजे गाडी जॅकवर असताना, आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, मगच शेवटचा पीळ द्यायचा. 'पिळतो' हे क्रियापद डोक्यात असेल तर ही चूक होत नाही.

गॅरेजात याला 'सायलेंट ब्लॉक' म्हणतात. मुळात ते व्यापारी नाव, पण आता मिस्त्रींच्या तोंडी रुळले आहे. मी तेच वापरतो.

प्रतिसाद ३ :
पॉलियुरेथेनचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) बुश मात्र अपवाद. त्यात बहुधा आतली नळी खरोखर फिरते, त्याला सिलिकॉन ग्रीस लागते, नाहीतर कुरकुरतो. तिथे 'घासतो' चालेल.

प्रतिसाद ४ :
सस्पेन्शनला 'निलंबन' म्हटले की लोकांना नोकरीवरून तात्पुरता दूर केलेला कारकून आठवतो, याचे वाईट वाटते. लंब् म्हणजे लोंबणे. जुन्या घोडागाड्यांची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर खरोखर लोंबत असे, इंग्रजी शब्दातही तेच लोंबणे आहे. बेअरिंगला 'धारवा' हाही किती सुंदर शब्द, धरणारा तो धारवा. पण गॅरेजात जाऊन मागितला तर मिळणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता :
मिस्त्रींना विचारले, त्यांनी बोल्ट गाडी खाली उतरवूनच आवळले होते. वहीत खाडाखोड करून लिहिले : 'पुढच्या सायलेंट ब्लॉकचे रबर मेले, नवे बसवले, अलाइनमेंट केली.' आता लिंगाचे सांगा. मिस्त्री 'तो ब्लॉक' म्हणतात, दुकानदार 'ते ब्लॉक'. तुमच्याकडे काय?