मदत हवी आहे: २५,००० रुपयांत जुना डीएसएलआर, निकॉन डी३५०० की कॅनन २००डी?

वापर घरगुती समारंभांचा, बहुतेक ट्यूबलाइटच्या उजेडात. म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सपाठोपाठ कमी उजेडात जास्त प्रकाश घेणारी ५० एमएम एफ/१.८ लेन्स लागणारच, आणि गाडी इथेच अडते. डी३५०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वस्तातली जुनी ५० एमएम 'डी' लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो; स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्यायची तर खर्च वाढतो. कॅननची ५० एमएम एसटीएम २००डीवर ऑटोफोकससकट चालते, शिवाय स्क्रीनवर बघून काढताना २००डी जास्त चपळ. कॅननचाच ३०००डी यादीतून बाद: माउंट (लेन्स बसते ती कडी) प्लास्टिकचा, वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेला (शू) मधली पिनच नाही, म्हणजे साधा मॅन्युअल फ्लॅश पेटत नाही.

अडचण शटर काउंटची, म्हणजे आजवर किती फोटो काढले त्या आकड्याची. निकॉनच्या जेपीजीत तो आकडा सापडतो, २००डीच्या फाइलमध्ये नाही. विकणारा "कमी वापरलाय" म्हणणारच! २००डी लॅपटॉपला केबलने जोडून तो आकडा तिथल्या तिथे नक्की कशाने वाचता येईल?

दुसरं, कॅमेरा दमट हवेच्या कोकणातला आहे. सेन्सरवरची धूळ एफ/१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) कोऱ्या भिंतीचा फोटो काढून कळेल, लेन्समधली बुरशी टॉर्च मारून. पण बुरशी फक्त कडेला, बारीक जाळीएवढी असेल तर किट लेन्स साफ करून घेणं परवडतं, की नुसती बॉडीच घ्यावी?