तीन सीनियर, एक आर्टिकल आणि तोंडावर ३० सप्टेंबर

लेजरवाली:
नमस्कार. मी मूळची कराडची, पुण्यात एका मध्यम फर्ममध्ये सीएची आर्टिकलशिप (फर्ममधलं प्रशिक्षण) करतेय, दुसरं वर्ष सुरू आहे. मी ऑटिस्टिक आहे. निदान कॉलेजात असताना झालं. फर्ममध्ये कुणालाच माहीत नाही, घरी फक्त आईला.

काम जमत नाही अशातला भाग नाही. लेजर स्क्रुटिनी (खात्यांची तपासणी) द्या, जीएसटीचं २बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आणि पर्चेस रजिस्टर जुळवायला द्या, मान वर न करता बसते. परवा एका कॅशबुकात पॅकिंगवाल्याच्या नावे एकाच तारखेची साडेनऊ-साडेनऊ हजारांची दोन व्हाउचर सापडली. पेन तेच, सहीही तीच. एकाच माणसाला दिवसाला दहा हजारांच्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च नामंजूर होतो, म्हणून एकाची दोन केलेली. सीनियर खूश झाले.

पण टॅक्स ऑडिटचा सीझन लागला (शेवटची तारीख ३० सप्टेंबर) की माझं डोकं बंद पडतं. तीन सीनियर. एक जाता जाता म्हणतो, “हे जरा बघून ठेव.” जरा म्हणजे काय? सगळं वर्ष की मोठ्या रकमा? आज की या आठवड्यात? तेवढ्यात दुसरे, “आधी माझं.” तिसऱ्या मॅडम केबिनच्या दारातूनच काहीतरी सांगतात, ते अर्धं ऐकू येतं. बाकीच्या आर्टिकलना न सांगता कळतं कोणाचं आधी करायचं. कसं कळतं देव जाणे.

त्यात भोसरीच्या क्लायंटकडे चौघं एका खोलीत. भिंतीपलीकडे प्रेस मशीन धाडधाड चालू, अलीकडे अकाउंटंटचा रेडिओ, आणि टीमचे लोक एकमेकांना आकडे ओरडून सांगतात. जेवणाच्या सुट्टीत मला वीस मिनिटं एकटं बसायचं असतं, तर “शिष्ट आहे” असं कानावर आलं.

सरांना सांगू का? सांगायचं तर कसं? आणि कृपा करून “मिसळत जा, मोकळी हो” हे सांगू नका. ते पहिलीपासून ऐकतेय.

सदाहसरा:
अगं सप्टेंबरात सगळ्याच आर्टिकलची ही गत असते! एवढं मनावर नको घेऊस. चहाला जात जा सगळ्यांबरोबर, आपोआप जमेल.

लेजरवाली:
शेवटचं वाक्य वाचलं नाहीत का?

जुना_आर्टिकल:
मीही ऑटिस्टिक. निदान सीए झाल्यावर झालं, आता ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तुझी पोस्ट वाचून ते सगळे सप्टेंबर आठवले.

“जरा बघून ठेव” याचा अर्थ ओळखायच्या भानगडीत पडूच नकोस. काम सांगून माणूस जागेवर गेला की लगेच त्याला व्हॉट्सअ‍ॅप टाक: “सर, अमुक क्लायंट, रिपेअर्सचं लेजर, पन्नास हजारांवरची व्हाउचर, उद्या दुपारी चारपर्यंत. बरोबर ना?” आकडा तू घाल, चुकीचा असला तरी चालेल. “किती तपासू?” असं विचारलंस तर उत्तर येणार “बघ तू.” पण चुकीचा आकडा दिसला की सीनियर लोकांना राहवत नाही, ताबडतोब दुरुस्त करून पाठवतात.

तिघांचं भांडण तू सोडवायचं नाही. एक शीट कर: काम, कोणी दिलं, कधीपर्यंत, किती तास लागतील. तिघांना शेअर कर आणि लिही, क्रम तुम्ही ठरवा. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरतील.

टीमवर्कचं म्हणशील तर टॅक्स ऑडिटचा ३सीडी फॉर्मच मदतीला येतो. क्लॉज ४४ पर्यंत आयते तुकडे पाडलेले आहेत. “सगळे मिळून करू” यात आपण हरवतो, तेव्हा “डेप्रिसिएशन, टीडीएस आणि क्लॉज ४४ माझ्याकडे द्या” असं स्वतःहून माग. क्लॉज ४४ म्हणजे जीएसटी नोंदणीनुसार खर्चाची विभागणी. क्लॉज ४४ कोणालाच नको असतो, त्यामुळे मागणारी लगेच आवडती होते. आवाजासाठी फोमचे इअरप्लग घे. इअरफोन लावले की लोकांना वाटतं गाणी ऐकतेय.

जेवणाचं आधीच सांगून टाक: “मी पहिली वीस मिनिटं बाहेर चक्कर मारते, मग येते.” आणि खरंच ये. शेवटची पाच मिनिटं ताकाच्या वेळी बसलीस तरी पुरे.

नाशिकचे_काका:
मी या टेबलाच्या पलीकडचा. छोटी फर्म आहे, आर्टिकल घेतो. वरचा सल्ला चांगलाच आहे, फक्त ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी टाकू नकोस. चारचौघांत “बरोबर ना?” विचारलं की सीनियरला वाटतं ही पुरावा गोळा करतेय. ज्याचं त्याला वैयक्तिक पाठव.

सरांशी बोलायचं तर आत्ता नको. सप्टेंबरात मी माझ्या बायकोचंही धड ऐकत नाही. रिटर्न भरून झाली, ऑफिस जरा निवांत झालं की वेळ माग. काय हवंय तिथून सुरुवात कर: सूचना लेखी, क्रम ठरवणारा एकच माणूस, क्लायंटकडे भिंतीकडेची जागा. यात फर्मचा एक रुपया जात नाही. ऑटिझम हा शब्द काढायचा की नाही ते सरांचा चेहरा बघून ठरव.

जुना_आर्टिकल:
काका, चेहरा बघून ठरवणं हेच आम्हाला जमत नाही 🙂

नाशिकचे_काका:
अरे हो. मग असं कर बाई, मागण्यांपैकी पहिली मान्य झाली तर पुढचं सांग. नाही झाली तर तिथेच थांब.

फायलवाला:
कायद्याचं थोडं सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात येतो. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं असतं. खाजगी ठिकाणी २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधांशिवाय पदं, निवड, प्रशिक्षण हेही लिहावं लागतं. छोट्या फर्मला एवढं बंधन नाही, शिवाय तू आर्टिकल, म्हणजे प्रशिक्षणार्थी. तेव्हा कायदा दाखवून तिथे भांडण्यात अर्थ नाही. मात्र यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करून ठेव. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा वर आलं तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी ते लागतं. मोठ्यांचं निदान करून प्रमाणपत्र देणारे डॉक्टर शोधायला चपला झिजतात, म्हणून आत्तापासून लाग.

लेजरवाली:
सगळ्यांचे आभार. शीट केली. मॅडमनी त्यात लगेच १, २, ३ घातले. एका सीनियरने “हे काय नवीन?” म्हटलं, पण आपली तारीख भरली. सरांशी ऑक्टोबरात बोलेन, काका म्हणतात त्या क्रमाने.

क्लॉज ४४ मागून घेतला. आता क्लायंटचे अकाउंटंट म्हणतात फोन करा, तोंडी सांगतो. तोंडी आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत आणि फोनच्या आधी पोटात गोळा येतो. कुणाकडे मेलचा तयार मजकूर आहे का?

जुना_आर्टिकल:
हा घे, माझा अजून तोच चालतो:

“नमस्कार साहेब. क्लॉज ४४ साठी एकूण खर्चाची विभागणी हवी आहे: जीएसटी नोंदणी असलेल्यांकडून केलेला खर्च (करमुक्त, कंपोझिशन, इतर) आणि नोंदणी नसलेल्यांकडून केलेला खर्च. सोबतच्या एक्सेलमध्ये लेजरची नावं भरून पाठवली आहेत, आपण फक्त आकडे घालावेत. गुरुवारपर्यंत मिळाल्यास बरं होईल. फोनवर सांगितलेले आकडे वर्किंग पेपरला लावता येत नाहीत, म्हणून मेलवरच पाठवावेत ही विनंती.”

शेवटचं वाक्य गाळू नकोस.