विद्यार्थ्यांच्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्राला (गजानं वाजणाऱ्या तारवाद्यांच्या वृंदाला) दणदणीत नवं संगीत द्यावं का?

चेलोप्रेमी: माझं मत सरळ आहे. द्यावं, आणि सुरुवातीपासून द्यावं. नव्या रचनांत एकच छोटा तुकडा घोळवणारा ठेका असतो आणि तो बहुधा चेलो-व्हायोला या खालच्या सुरांच्या वाद्यांकडे येतो. जुन्या रचनांच्या सोप्या आवृत्त्यांत व्हायोलाला काय मिळतं? पानभर लांब स्वर. मग ती मुलं गळतात आणि आपण म्हणतो, गोडीच नाही!

सूरपंथी: साफ असहमत. वेगात बेसूरपणा झाकला जातो, म्हणून हे बसवायला सोपं. व्हायोलिनच्या डी तारेवर दुसरं बोट पहिल्याला चिकटलं की एफ हा स्वर, तिसऱ्याला चिकटलं की त्याहून अर्धा स्वर वरचा एफ शार्प. वेगात ते अधेमधे कुठंतरी पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून एक ठोका, टाळ्या हमखास. त्याच गटाला संथ गजानं एक स्वर चार मात्रा धरायला सांगा, तिसऱ्या मात्रेलाच आवाज विरतो.

मधलीतार: इंग्रज संगीतकार होल्स्टनं सेंट पॉल्स सूट (काही भागांची तारवाद्यांची रचना) १९१२-१३ मध्ये लिहिला तो लंडनच्या मुलींच्या शाळेसाठी, जिथं तो स्वतः शिकवायचा. तेव्हा तेही नवंच संगीत होतं. शेवटच्या भागात एक नाचरी धून धावत असते आणि तिच्यावर ग्रीनस्लीव्हज ही जुनी इंग्रजी धून संथपणे पसरते. दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकावंच लागतं. दोष वेगाचा नाही, लिखाणाचा आहे.

सूरपंथी: होल्स्ट मान्य, पण तसं लिहिणारे किती? आता तर चॉपची साथ आलीय. गज मुठीजवळ धरून तारेवर आपटायचा, खरखरीत ठोका काढायचा. मनगटं ताठ होतात, मग निस्तरत बसा.

चेलोप्रेमी: ताठ मनगटानं चॉप उमटतच नाही हो, नुसता खडखडाट होतो. उलट हात सैल सोडायला तोच शिकवतो. सुराचं म्हणाल तर निम्म्या वेगात, ठेका काढून, फक्त बदलणारे स्वर लांब धरून घ्या. तुमचं ते दुसरं बोट तिथंच पकडलं जाईल.

मागचा_स्टँड: मी वाजवणाऱ्यांपैकी. नवं-जुनं काहीही द्या, पण सगळी धून पहिल्या व्हायोलिनच्या गटालाच असलेलं नको.

सूरपंथी: निम्म्या वेगाचं पटलं. तरी कार्यक्रमात एक संथ रचना हवीच, आणि ती सुरुवातीला. दणदणाटानंतर हात थरथरत असताना नको.