‘द ब्लॅक पायरेट’ (१९२६) : कोणती प्रत पाहावी?

प्रश्न
माझ्या ११ वर्षांच्या मुलीला समुद्री चाच्यांच्या चित्रपटांचे वेड आहे आणि नवे बहुतेक सगळे पाहून झाल्यामुळे आता डग्लस फेअरबँक्स यांचा हा मूकपट तिला दाखवावा, असे मनात आहे. इंटरनेटवर मला याच्या तीन प्रती सापडल्या. एक कृष्णधवल आहे, दुसरी रंगीत असली तरी धुरकट, आणि तिसरीत माणसे पळत असल्यासारखी भराभर चालतात. मूळच्या जवळची कोणती समजावी? ती उतरवून घेणे कायदेशीर आहे का? भलत्या संकेतस्थळांवर जाण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद १
रंगीतच पाहावी, कारण हा चित्रपट रंगांसाठीच घडवलेला आहे. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या तेव्हाच्या पद्धतीत लाल आणि हिरवा असे दोनच रंग नोंदले जात, त्यामुळे समुद्र खऱ्यासारखा निळा दिसत नाही. तो प्रतीचा दोष समजू नये. दोन पातळ फिती पाठीला पाठ चिकटवून एक फीत तयार होई, ती प्रक्षेपकाच्या उष्णतेने वाकत असे आणि पडद्यावरचे चित्र पुन्हा पुन्हा अस्पष्ट होई. वेगाचे म्हणाल, तर बरेच मूकपट सेकंदाला २४ पेक्षा कमी चौकटींनी चित्रित होत. ते बोलपटाच्या वेगाने चालवले की माणसे धावू लागतात.

प्रतिसाद २
कायद्याची बाजू इथे सोपी आहे. भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, आणि अमेरिकेतही हा चित्रपट १ जानेवारी २०२२ रोजी प्रताधिकारातून मुक्त झाला. मात्र प्रतीला नव्याने दिलेल्या संगीताचा हक्क स्वतंत्र असू शकतो, म्हणून प्रत कोणी तयार केली आणि संगीत कोणाचे आहे, एवढे उतरवण्याआधी अवश्य वाचावे. एरॉल फ्लिन यांच्या १९३५ सालच्या ‘कॅप्टन ब्लड’ या चाच्यांच्याच चित्रपटाला मात्र हाच हिशेब लावू नका, अमेरिकेत त्याचा प्रताधिकार २०३० अखेरपर्यंत आहे, तेव्हा तो भाड्याने किंवा विकत घेऊनच पाहावा.

प्रतिसाद ३
फेअरबँक्स शिडात खंजीर खुपसून, कापड टरटरा फाडत वरून खाली घसरत येतात, ते दृश्य मोठ्या पडद्यावर दाखवा. मोबाइलवर त्या शिडाची उंचीच जाणवत नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. रंगीत प्रत काल रात्री टीव्हीवर लावली. शिडाचे दृश्य मुलीने तीनदा मागे नेऊन पाहिले, आणि मधल्या पाट्यांचा मराठी अर्थ मी मोठ्याने वाचत गेल्यामुळे आजीही शेवटपर्यंत बसल्या होत्या.