बाबांच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क (मुक्काम कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

महिनाभर कोल्हापुरात आईबाबांकडे आहे. बाबांचा २०१२ चा लॅपटॉप सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात आणि आतून मधूनच टक्-टक् आवाज येतो. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला, "ताई, ह्यात पैसे घालू नका." पण बाबांचा जीव त्यात अडकलाय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं, अल्बमची पानं एकमेकांना चिकटून गेली. त्याआधी बाबांनी स्कॅन केलेले फोटो तेवढे या डिस्कवर उरलेत. कुणी घरी डिस्क बदलली आहे का?

---

ताई,

आधी तो लॅपटॉप बंद कर आणि बंदच ठेव. टक्-टक् म्हणजे वाचणारं हेड जागा शोधताना अडखळतंय. विंडोज चालू असलं की मागं सतत लिहिणं-वाचणं सुरू असतं, प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे धोका. डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीनं जोडायची डबी) घाल, तुझ्या लॅपटॉपला जोड आणि फक्त फोटोंचं फोल्डर आधी उचल. अडकलं तर ओढाताण नको, लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) डीडीरेस्क्यू वापर, खराब डिस्कवरून डेटा उचलायचा प्रोग्राम आहे तो. ते धड भाग आधी वाचून घेतं, खराब जागांकडे नंतर वळतं. डिस्क दिसेनाशीच झाली, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायचं. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नकोस, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

नवीन घेताना २.५ इंची साटा एसएसडी माग, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जागी आणि जोडणीत बसणारी, पण चिपवर डेटा साठवणारी डिस्क. एम.२ ची पट्टी (एसएसडीचाच चपटा, छोटा प्रकार) घेऊ नकोस, त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपांत तिला जागाच नसते. जुनी डिस्क बहुधा ९.५ मिमी जाड असेल, एसएसडी ७ मिमी, म्हणून सैल वाटेल. सोबत प्लास्टिकची चौकट मिळते, ती लाव. जुनी सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, एसएसडी ५०० च्या पुढं. लॅपटॉपचा पोर्ट जुना असेल तर त्याच्या निम्मं धर. पण खरा फरक आकड्यात नाही. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळं विखुरलेल्या बारक्या फायली लगेच हाताला लागतात.

जुनं विंडोज जसंच्या तसं क्लोन करू नकोस, खराब फायलीही सोबत येतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. मी त्याऐवजी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) घालीन.

काढताना चार्जर आणि बॅटरी बाजूला, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर. डिस्क वर उचलायची नाही, आडवी सरकवायची. वर ओढलीस तर कनेक्टर तुटेल.

---

काका, मंडळी,

काल झालं. आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या धुऊन घेतल्या आणि एकेका वाटीत एकेका जागचे स्क्रू ठेवले, कारण लांबी वेगवेगळी. डिस्कच्या पत्र्याचा एक स्क्रू झिजला होता. बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर आणि मध्ये रबरबँडचा तुकडा धरून दाबला, तेव्हा सुटला. डिस्क खरंच आडवी सरकली.

फोटो बहुतेक सगळे निघाले. दोन फोल्डर अडले, त्यांच्यासाठी डीडीरेस्क्यू रात्रभर चाललं. रंकाळ्यावरचा आजीचा फोटो अर्धाच उघडतो, कमरेखाली सगळं राखाडी. चेहरा मात्र स्वच्छ आलाय. बाबा बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसले होते.

मिंट आता मिनिटाभरात उघडतं. फोटोंची एक प्रत इथं वरच्या मजल्यावर ठेवली, दुसरी माझ्यासोबत येईल. जुनी डिस्क पुसलेली नाही, कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. राखाडी भागातून अजून काही निघेल का, कुणाला अनुभव असेल तर कळवा.