मृण्मयी की इरा? बाळाच्या नावाचे अनुभव लिहा

दोन महिन्यांत बाळ येतंय. मुलगी झाली तर नवऱ्याला मृण्मयी हवंय, मला इरा. त्याचं म्हणणं, इरा, मायरा, कियारा, समायरा... नुसतं 'रा' ओरडलं तरी चार पोरी वळतील. माझं म्हणणं, मृण्मयी ऐकून समोरचा "काय?" म्हणणार आणि पोरगी जन्मभर स्पेलिंग सांगत बसणार. तुमच्या नावानं, किंवा तुम्ही ठेवलेल्या नावानं, काय काय दाखवलं ते लिहा. सल्ला चालेल, पण आधी अनुभव.

* * *

मी प्रज्ञा. मराठीत 'प्रद्न्या', हिंदीवाल्यांत गेले की 'प्रग्या'. इंग्रजीत डी-एन-वाय लावते, तर ते वाचून 'प्रॅडनिया' होतं. मूळ अक्षर ज् आणि ञ यांचं, म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर आम्ही सगळेच चुकतो! शाळेत नवीन बाई हजेरी घेताना प-फ पर्यंत आल्या, पेन थबकलं, की मी "हजर" म्हणून मोकळी व्हायचे. एका बाईंनी तर वर्षभर माझं नाव घेतलंच नाही. "अगं, तू, खिडकीजवळची."

* * *

आम्ही सोपं म्हणून वेद ठेवलं. दोन अक्षरं, चुकणार कोण? तर फोन चुकतो. लेकाला फोन लाव असं फोनला सांगितलं की त्यातली ती इंग्रजी बाई गंभीर आवाजात विचारते, "कॉल वेड?" नवरा म्हणतो, तिनंच बरोबर ओळखलंय.

* * *

तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं थोडी आकडेमोड. अमेरिकेत 1880 पासूनच्या जन्मांची नावं सरकार प्रसिद्ध करतं. त्या पहिल्या वर्षी अव्वल असलेला जॉन शंभर मुलग्यांत आठांचा होता. 2017 पासून अव्वल असलेला लियम शंभरात साधारण एकाचा. म्हणजे सगळ्यांना वेगळं नाव हवं असतं, फक्त सगळे एकाच गल्लीत शोधतात. माझा मुलगा विहान. वर्गात दुसरा विहान नाही. पण विवान आहे, अयान आहे, कियान आहे, रेयान दोन आहेत. मैदानावर लांबून फक्त 'आऽन' ऐकू येतं. परवा मी मारलेल्या हाकेला भलताच मुलगा धावत आला, बाटलीतलं पाणी प्यायला आणि परत गेला. विहान खेळतच होता. तेव्हा 'यादीत कितवं' हे बघू नका, शेवट कशावर होतो ते बघा.

* * *

माझं नाव सचिन, जन्म 1984. तेंडुलकर पहिली कसोटी खेळला 1989 मध्ये, तरी आजवर भेटलेला प्रत्येक माणूस विचारतो, "वडील क्रिकेटवेडे का?" नाहीत हो, गाणंवेडे आहेत. आणि खुद्द तेंडुलकरचं नावही सचिन देव बर्मन यांच्यावरूनच ठेवलेलं. मजा पुढे आहे. बंगालीत ते मुळात शचीन, आणि म्हणतात 'शोचिन'च्या जवळपास. एका बंगाली सहकाऱ्यानं मला तशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतोय म्हणून. आमच्याकडे येईपर्यंत 'श'चा 'स' झाला, 'ची' ऱ्हस्व झाली, आणि तेच घरोघरी पोचलं. मग मृण्मयीचं मृन्मयी झालं तर कुठे बिघडलं?

* * *

बिघडतं! ण हा ण आहे.

* * *

बाळाला स्वतःला म्हणता येईल असं ठेवा. आमचा अर्णव चार वर्षांचा होईपर्यंत सगळ्यांना 'अन्नव' सांगायचा. शेजारच्या आजी अजून तेच म्हणतात.

* * *

मुलीचं नाव ऋजुता. मराठीत ऋ म्हणजे रु, हिंदीत रि. शाळेतल्या मॅडम हिंदीभाषक, त्यामुळे पहिल्याच दिवशी 'रिजुता' झाली. मी पडलो व्याकरणाचा किडा. पालकसभेला कागदावर ऋ काढून, खाली दोन्ही उच्चार लिहून घेऊन गेलो. दारातच लेकीनं शर्ट ओढला. "बाबा, मॅडमना नको सांगूस."

"का गं?"

"त्या रिजुता म्हणतात ना, तेव्हा हसतात."

कागद खिशातच राहिला. घरी मात्र आईनं एकदा गमतीत 'रिजुता' म्हटलं, तर बाईसाहेब भडकल्या. "तू नाही हं म्हणायचं. ते मॅडमचं आहे."